बार कापला, चोच उरली

१९५१च्या ‘रॅबिट फायर’ या कार्टूनमध्ये बग्ज बनी आणि डॅफी डक यांची जुंपली आहे: हंगाम सशाच्या शिकारीचा की बदकाच्या? शिकारी एल्मर फड बंदूक रोखून दोघांकडे आळीपाळीने बघतो. भांडण ऐन रंगात आलेले असताना बग्ज बेरकीपणे बाजू बदलतो. त्याचे म्हणणे खोडून काढण्याच्या भरात डॅफी स्वतःच ‘बदकांचा हंगाम’ म्हणून बसतो, वर गोळी झाडायला सांगतो. बार उडतो. धूर विरतो तेव्हा डॅफीची चोच भलत्याच जागी गेलेली दिसते. ती जागेवर बसवून तो पुन्हा त्याच तावाने वादाला उभा राहतो.

हे कार्टून दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीज यांचे. बग्ज आणि डॅफी, दोघांचाही आवाज मेल ब्लँक यांचा. पुढच्या काळात अमेरिकी वाहिन्यांनी अशी कार्टून शनिवारी सकाळी मुलांना दाखवताना त्यांतले बार कापले. बंदूक रोखलेली दिसे आणि लगेच फिरलेली चोच. मधला क्षण गायब. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी असतात. त्यांतल्या दहा-बारा इकडे-तिकडे झाल्या तरी विनोद मरतो. तबलजीने समेवरच हात आखडता घ्यावा, तसे होते. हिंसा काढली असे कात्रीवाल्यांना वाटले. प्रत्यक्षात जखम तशीच राहिली, तिचे कारण तेवढे गेले. आपल्याच हट्टापायी डॅफीवर ही वेळ येते, हा त्या गोष्टीचा गाभाच मुलांपर्यंत पोहोचेनासा झाला.

मुळात ही कार्टून चित्रपटगृहातल्या सर्व वयांच्या प्रेक्षकांसाठी होती. १९६० मध्ये ‘द बग्ज बनी शो’ एबीसी वाहिनीवर आला तोही संध्याकाळी, घरातल्या सगळ्यांसाठी. दशक सरेपर्यंत मात्र कार्टून म्हणजे शनिवार सकाळ, असे समीकरण झाले. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या दोन महिन्यांच्या अंतराने झाल्या. पडद्यावरच्या हिंसेबद्दल पालकांना वाटणारी धास्ती खरी होती. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि इतर पालकांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना उभारली. चॅरन यांचा सेन्सॉरशिपला विरोध होता. मुलांना चांगले, विविध कार्यक्रम मिळावेत आणि त्यांच्यावरचा जाहिरातींचा मारा थांबावा, यासाठी त्या झगडत होत्या. त्या मानाने बार कापणे वाहिन्यांना फारच स्वस्त पडत होते. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘द फ्लिंटस्टोन्स’चा एक प्रायोजक विन्स्टन सिगारेट होता आणि जाहिरातीत खुद्द फ्रेड फ्लिंटस्टोन झुरके घेत होता, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

वाहिनीशी उघड पंगा घेतला तो जे वॉर्ड आणि बिल स्कॉट या जोडीने. १९६१ मध्ये त्यांचा ‘द बुलविंकल शो’ एनबीसीवर आला. त्यात बुलविंकल या मूस हरणाची बाहुली मुलांशी गप्पा मारी. एकदा तिने मुलांना टीव्हीची बटणे उपटून काढायला सांगितले: म्हणजे पुढच्या आठवड्यातही हीच वाहिनी लागलेली राहील! मुलांनी खरोखरच बटणे उपटली, पालक खवळले. मग बाहुलीने ती गोंदाने चिकटवायला सांगितले. अखेर बाहुलीच कार्यक्रमातून गेली. प्रेक्षक खिळवून ठेवण्याची वाहिनीची धडपड या विनोदाने नेमकी पकडली होती.

प्रत्येक कात्री मात्र आंधळी नव्हती. ‘टॉम अँड जेरी’तल्या कृष्णवर्णीय मोलकरणीचे चित्रण वंशभेदी साच्यातलेच होते. साठच्या दशकात ती कार्टून टीव्हीवर आली तेव्हा काहींमध्ये तिच्या जागी गोरी बाई रेखाटली गेली आणि जून फोरे यांचा आयरिश धाटणीचा आवाज बसवला गेला. साचा पुसला गेला, पण त्याबरोबर लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आवाजही पुसला गेला. १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वंशभेदी चित्रणामुळे बग्ज-डॅफीच्या निर्मात्या वॉर्नर कंपनीची ११ कार्टून प्रसारणातून काढून घेतली. मुलांच्या सकाळच्या कार्यक्रमातून ती गेली हे योग्यच झाले. माणसाला त्याच्या रंगावरून हिणवणारा विनोद आणि स्वतःच्या हट्टाने तोंडघशी पडणारा डॅफी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

२००५ मध्ये वॉर्नरने जुन्या कार्टूनांच्या डीव्हीडी संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचे निवेदन जोडले. ही चित्रणे तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती लपवणे म्हणजे तो भेदभाव घडलाच नाही असे भासवणे, ही त्यामागची भूमिका. मला हीच वाट पटते. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि बग्ज, डॅफी, टॉम, जेरी मराठी घरांतही रुळले. आपल्या मुलांनाही ही कार्टून अखंड मिळायला हवीत, आणि जिथे ती माणसाचा अपमान करतात तिथे ते स्पष्ट सांगणारे मोठे माणूस शेजारी हवे. कात्री हे काम करू शकत नाही.