हिरवा, निळा आणि मागे पडलेला पांढरा

१९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहराचा कचरा हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे देशाला एका झटक्यात उमगलं. दोन वर्षांनी पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल शहरी कचऱ्याच्या प्रश्नावर याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या याचिकेतून पुढे २००० साली घनकचऱ्याचे देशव्यापी नियम आले आणि कुंड्यांचे रंगही त्यातच ठरले: कुजणाऱ्या कचऱ्याला हिरवा, पुनर्वापराजोग्या वस्तूंना पांढरा, बाकीच्याला काळा.

हिरव्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. चुकला तो पांढरा. रस्त्यावरची कुंडी जवळून पाहिली की कळतं: काठाचा रंग हाताळून आधी उडतो, पुढच्या अंगावर चहाचे ओघळ आणि पानाच्या पिचकाऱ्या सुकतात, तळाशी चिखल चढतो. एका पावसाळ्यात पांढऱ्याचा करडा होतो, मग शेजारच्या काळ्यापासून ती वेगळी ओळखायची कशी? रंग ठरवताना कुंडी उन्हापावसात उभी राहणार आहे, याचा विचार व्हायला हवा होता.

तरीही २०१६ च्या नव्या नियमांनी हेच तीन रंग कायम ठेवले. बदल झाला तो नियमांबाहेर. ५ जून २०१७ ला, पर्यावरणदिनी, केंद्र सरकारने मोहीम काढली: ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. आज घराघरांत आणि घंटागाड्यांवर हीच जोडी दिसते. मला ती निवड मनापासून पटते. निळा मळला तरी निळाच दिसतो, आणि ज्यांना लाल-हिरव्यात फरक करता येत नाही, त्यांनाही तो सहसा हिरव्याहून वेगळा कळतो.

पण रंगांची भाषा एक झाली नाही. बंगळुरूत २०१५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत सक्तीची झाली: हिरव्यात ओला, लाल डब्यात सॅनिटरी कचरा आणि सुक्यासाठी नुसती पिशवी. रुग्णालयांत २०१६ पासून निळा काचेचा आणि लाल नळ्या-सलाईनच्या बाटल्यांसारख्या प्लास्टिकचा. वॉर्डातल्या आयाबाईला दिवसभर निळ्याचा एक अर्थ पाळायचा आणि घरी पोचल्यावर दुसरा. हा भार आपण विनाकारण तिच्यावर टाकला आहे.

या सगळ्या काळात मला सर्वांत मोलाची वाटते ती पुण्याची लाल ठिपक्याची खूण. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे हाती येत, म्हणून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने नागरिकांना सांगितलं: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, सुक्या कचऱ्यात मिसळू नका. त्यासाठी नवा डबा लागत नाही, एक स्केचपेन पुरतं. पुडकं न उघडताच आत काय आहे ते वेचणारीला समजतं आणि ती ते बाजूला ठेवते.