एक्झॉस्ट कटआउट: सायलेन्सर किती ताकद खातो आणि ती परत कशी मिळते

गाडीच्या एक्झॉस्ट पाइपला सायलेन्सरच्या आधी एक फाटा काढायचा आणि त्या फाट्याच्या तोंडाशी झडप बसवायची, की झाला कटआउट. झडप बंद असताना धूर नेहमीच्या वाटेने सायलेन्सरमधून मागे जातो. उघडली की बराचसा धूर फाट्यातूनच बाहेर पडतो, कारण तिथे त्याला अडवणारं काही नसतं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात अशा झडपा पायाने दाबायच्या पेडलवर असत. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या पात्रात हौशी तरुण गाड्या पळवत, तेव्हा शर्यतीआधी पाइपांची झाकणं काढून ठेवत. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर आजही कटआउट दिसतो. रस्त्याने चालवत आणलेली गाडी पाव मैलाच्या शर्यतीपुरती मोकळी करायची आणि घरी जाताना झडप पुन्हा बंद करायची, हा त्याचा खरा उपयोग.

पण कटआउट स्वतः ताकद निर्माण करत नाही. सायलेन्सर जेवढी ताकद खात होता, तेवढीच तो परत देतो. म्हणून सायलेन्सर किती खातो, हे आधी समजून घ्यायला हवं.

धुराचा हिशेब

पाच लिटरचं व्ही-एट पेट्रोल इंजिन घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. ६००० आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त १५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला २५० लिटर हवा ओढेल. ही हवा जळून बाहेर पडते तेव्हा तापलेली असते. पाइपातला धूर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरला, तर त्याचं आकारमान साधारण तिप्पट होतं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७५० लिटर धूर त्या पाइपातून जायला हवा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून दाब असतो, त्यामुळे पहिला लोट आपणहून सुसाट बाहेर पडतो. उरलेला धूर पिस्टनला वर येताना ढकलावा लागतो. पुढे वाट अडलेली असेल तर हे ढकलणं जड जातं. त्या अडथळ्याच्या दाबालाच बॅकप्रेशर म्हणतात.

समजा, हा दाब २० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३ पीएसआय भरला. दाब गुणिले सेकंदाला पिस्टनांनी रिकामं केलेलं आकारमान, असा साधा गुणाकार केला की ढकलण्यात गेलेली ताकद कळते. पाच लिटरच्या इंजिनात ती ५ किलोवॅट, म्हणजे पावणेसात हॉर्सपॉवरच्या आसपास येते. शिवाय दाबामुळे सिलिंडरमध्ये जास्त धूर मागे राहतो आणि ताज्या हवेची जागा अडवतो, तो तोटा वेगळाच.

आता तोच दाब १.२ लिटरच्या छोट्या गाडीत धरून पाहा. उत्तर दीड हॉर्सपॉवरच्या थोडं वर येतं. आपल्याकडच्या हॅचबॅकला कटआउट लावून पिकअप वाढल्यासारखं वाटतं, त्यात मोठा वाटा कानाचा असतो.

दुसरी गोष्ट आरपीएमची. अडथळ्यातून जाणारा प्रवाह निम्मा झाला की दाब साधारण एक चतुर्थांशावर येतो आणि ढकलण्यात जाणारी ताकद एक अष्टमांशावर. म्हणजे आपल्या व्ही-एटमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊनही ३००० आरपीएमला जेमतेम एक हॉर्सपॉवर अडलेली असते. सिग्नलला थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत कटआउट उघडून आवाजाशिवाय काहीच मिळत नाही.

टर्बो इंजिनाचं गणित निराळं आहे. टर्बाइन फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब उतरला की हा फरक वाढतो, टर्बो लवकर वेग घेतो. म्हणून टर्बो गाडीत कटआउटचा फरक जास्त जाणवतो.

‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच’

गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. इंजिनाला बॅकप्रेशर लागत नाही, लागतो तो धुराचा वेग. प्रत्येक लोट पाइपातून वेगाने पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर दाब उतरतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचला जातो. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. पाइप गरजेपेक्षा रुंद केला किंवा मॅनिफोल्डपाशीच, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथेच, उघडा सोडला, तर ही खेच बिघडते आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. लोक त्याचा दोष कमी झालेल्या बॅकप्रेशरला देतात. खरा दोष चुकीच्या मापाचा किंवा जागेचा असतो.

आधी गेज, मग वेल्डिंग

पाइप कापण्याआधी दाब मोजावा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला की त्याच्या आट्यांमध्ये बॅकप्रेशर गेजचा अॅडॅप्टर बसतो. सेन्सर निघाल्यावर चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर घालवता येतो. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटल देऊन कमाल आरपीएमपर्यंत नेताना काटा पाहायचा. दीड पीएसआयच्या आत राहिला तर एक्झॉस्ट मोकळाच आहे, कटआउटला काही शिल्लक नाही. तीनच्या वर गेला तर अडथळा खरा आहे. तो सायलेन्सरमध्येच आहे का, हे पाहायला सायलेन्सरच्या तोंडाशी वेगळं मोजमाप घ्यावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला असेल तर त्याच्यानंतरचा कटआउट काही कामाचा नाही.

जागा आणि जोडणी

फाटा कन्व्हर्टरच्या नंतर आणि सायलेन्सरच्या आधी, पाइपच्या सरळ भागात घ्यावा. मुख्य पाइपशी त्याचा कोन ४५ अंश किंवा त्याहून कमी ठेवावा. काटकोनात काढलेल्या फाट्याकडे धूर सहज वळत नाही.

ऑक्सिजन सेन्सरपासून फाटा निदान दीड-दोन फूट लांब हवा. धुराच्या दोन लोटांच्या मधल्या क्षणी पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. फाटा जवळ असला किंवा झडप गळत असली, की तिथून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो नाहक पेट्रोल वाढवतो.

झडपेचे दोन प्रकार सर्रास दिसतात. पहिला म्हणजे तीन बोल्टांची साधी पत्र्याची टोपी आणि गॅस्केट. स्वस्त, गळत नाही, पण प्रत्येक वेळी गाडीखाली जावं लागतं. दुसरा म्हणजे मोटरवर फिरणारी बटरफ्लाय झडप, डॅशबोर्डवरच्या बटणाने उघडणारी. ती सोयीची आहे, पण काजळी साचून अडकते आणि उष्णतेने तिची मोटर जळते. तिला फ्यूज असलेली स्वतंत्र वायर द्यावी आणि ती अधूनमधून उघडझाप करत ठेवावी.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी, नाहीतर ईसीयूला धोका. फाट्याचं तोंड पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग यांच्याकडे कधीही नसावं. ते गाडीच्या कडेपर्यंत न्यावं, मधोमध तळाखाली सोडू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तळाच्या एखाद्या फाटक्या रबरातून तो थेट केबिनमध्ये येतो. ही गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, तिथे तडजोड नको.

काम झाल्यावर पुन्हा डायनो. झडप बंद ठेवून आणि उघडून, दोन्ही प्रकारे मोजावं. हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर असलेली गाडी वाढलेली हवा ओळखते. फक्त इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीला ती तितकीशी दिसत नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन नॉक करू शकतं. तिथे नव्याने ट्यूनिंग करावंच लागतं.

रस्त्यावर मनाई का

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक्झॉस्टला कटआउट किंवा बायपास बसवण्यावरच बंदी आहे. आपल्याकडे रस्त्याच्या नियमांच्या १९८९च्या नियमावलीतही, सायलेन्सरखेरीज दुसऱ्या वाटेने धूर सोडणारा कटआउट वापरायला मनाई होती. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२)खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता, अशी तरतूद आहे. ती योग्यच आहे. रात्री अकरा वाजता गल्लीतून फायरिंग करत जाणाऱ्याला मिळत काहीच नाही, झोपमोड मात्र आजारी माणसाची आणि तान्ह्या बाळाची होते.

हीच कल्पना कंपन्याही वापरतात. १९९४च्या फेरारी एफ३५५मध्ये एक्झॉस्टला बायपास झडप होती आणि आजच्या कित्येक मस्टँग, कॉर्व्हेटमध्ये ईसीयूच्या हुकमाने उघडणाऱ्या झडपा असतात. फरक इतकाच की तिथे गाडी आवाजाची चाचणी पास झालेली असते.

तेव्हा गेज जास्त दाब दाखवत असेल आणि गाडी रोजच्या वापरातली असेल, तर आरटीओच्या नियमांत बसणारा, कमी अडथळ्याचा चांगला सायलेन्सर बसवा. अडलेल्या ताकदीतली बरीचशी त्यातूनच परत मिळते, तीही शेजाऱ्यांना त्रास न देता. कटआउट त्यांच्यासाठी, जे गाडी बंदिस्त ट्रॅकवर किंवा लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी घेऊन जातात, आणि तिथेही गाडी ट्रेलरवरून नेणं उत्तम.