मेसेजमध्ये नुसती प्रश्नचिन्हं का येतात? आणि 'नका' कुठे गेलं?



संस्थेकडून येणाऱ्या मराठी एसएमएसबद्दल गेल्या हंगामात बऱ्याच तक्रारी आल्या. कोणी म्हणालं प्रश्नचिन्हं आली, कोणी म्हणालं चौकोन आले, एकाला तर चिनी अक्षरं आली. व्हॉट्सॲपवर सगळं नीट दिसतं, मग एसएमएसलाच काय होतं? गेटवेवाल्यांशी बोलून आणि स्वतः खटपट करून जे समजलं ते इथे लिहितो. बंदी ३१ जुलैला उठेल, त्याआधी हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

सुरुवात प्रश्नचिन्हांपासून. आपण संगणकावरून मेसेज पाठवतो तो थेट तुमच्या फोनवर जात नाही. मध्ये गेटवे असतो, म्हणजे हजारो मेसेज एकदम पाठवणारी यंत्रणा. प्रत्येक मेसेजसोबत एक छोटा आकडा जातो. ० म्हणजे ठरलेली इंग्रजी अक्षरमाला, ८ म्हणजे युनिकोड, ज्यात आपली देवनागरी येते. मजकूर मराठी आणि आकडा ० असं झालं, की त्या इंग्रजी अक्षरमालेत 'म' सापडत नाही, 'स' सापडत नाही. मग यंत्र प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं होतं. तिथे मूळ मजकूर कायमचा गेला. फोन बदला, दुकानात नेऊन दाखवा, काही उपयोग नाही.

आम्हाला आधी वाटलं आपल्या टॉवरचाच घोळ असेल. पण एका सभासदाची मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्करच्या दौलतगंजात असते. वडिलांच्या बोटीचे मेसेज तिच्याही नंबरवर जातात. तिला फोन करून विचारलं, तर तिकडेही तीच प्रश्नचिन्हं. कंपनी वेगळी, फोन वेगळा, राज्य वेगळं, तरी खूण एकच. म्हणजे दोष पाठवण्याच्या टोकाला. गेटवेच्या पानावर 'युनिकोड' हा पर्याय निवडलेलाच नव्हता. चूक आमचीच.

चौकोनांचं तसं नाही. चौकोन येतात तेव्हा मेसेज शाबूत असतो, फक्त जुन्या फोनमध्ये मराठी अक्षरं नसतात. तोच मेसेज घरातल्या दुसऱ्या फोनवर फॉरवर्ड करा, नीट वाचता येईल. चिनी अक्षरं येतात ती वेगळ्याच कारणाने. युनिकोडमध्ये मराठीचं प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं आणि कुठेतरी त्या तुकड्यांचा क्रम उलटा वाचला जातो. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर एका पद्धतीने लिहिला आणि दुसऱ्या पद्धतीने वाचला गेला. हे दोन्ही दुरुस्त करणं गेटवेवाल्यांचं काम. तुम्ही फक्त फोटो काढून आम्हाला पाठवा. "मेसेज खराब आला" एवढ्यावर काही कळत नाही, खराबी कशी दिसते त्यावरूनच दोष सापडतो.

संस्थेच्या जुन्या याद्या श्रीलिपीत आहेत, त्यांचाही असाच गोंधळ. त्या फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरांच्याच खुणा असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा सदरा घालतो. ते उचलून गेटवेत टाकलं की सदरा उतरतो. म्हणून जुनी सूचना चिकटवणं बंद केलंय, सगळं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करतो.

आता मुख्य गोष्ट. प्रश्नचिन्हं आली तर निदान कळतं तरी, की काहीतरी बिघडलंय. पण मेसेज स्वच्छ मराठीत आला आणि अर्थ उलटा झाला तर?

गेल्या हंगामात आम्ही ही सूचना पाठवली:

"सर्व सभासदांना सूचना: आज रात्री वाऱ्याचा जोर वाढणार. बोटी समुद्रात नेऊ नका."

काही फोनवर ती अशी पोचली:

"सर्व सभासदांना सूचना: आज रात्री वाऱ्याचा जोर वाढणार. बोटी समुद्रात नेऊ"

एका तांडेलाचा फोन आला, "सेक्रेटरी, नेऊ म्हणजे न्यायच्या ना?" मी हातातला चहा खाली ठेवला. ३ नंबरचा बावटा लागलेला होता म्हणून कोणी बोट काढली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण मोजणीत आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०. आणि ही मोजणी आपल्या डोळ्यांची नाही. 'समुद्रात' आपल्याला चार अक्षरं दिसतात, यंत्र आठ मोजतं: स, म, उकार, द, हलन्त, र, काना, त. 'वाऱ्याचा' आपल्याला तीन, यंत्राला पुन्हा आठ. रिकामी जागासुद्धा मोजली जाते. वरची सूचना अशी मोजली तर ७५ भरते. बरोबर ७० वर 'नेऊ' संपतं, आणि उरलेल्या पाचांत एक मोकळी जागा, 'नका' आणि पूर्णविराम.

लांब मेसेज तुकडे करून पाठवता येतो, तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७ बसतात आणि पैसे दोन मेसेजचे लागतात. आमच्या खात्यात ती सोय बंद होती, म्हणून शेपूट कापलं गेलं. आता चालू केली आहे. पण दुसरा तुकडा उशिरा आला किंवा आलाच नाही, असं रेंजच्या काठावर होऊ शकतं. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. हिंदीवाले 'मत' आधी म्हणतात, आपण सगळं सांगून झाल्यावर 'नका' म्हणतो. तेच आधी तुटतं.

म्हणून धोक्याच्या सूचनेत 'नका' आणि 'नये' वापरायचं नाही असं ठरवलंय. यापुढे मेसेज असा येईल: "बोटी बंदरातच ठेवा. आज रात्री वाऱ्याचा जोर वाढणार." यात कुठेही कात्री लागली तरी बोट बाहेर काढा असा अर्थ निघत नाही. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' हेही काढलं. मानपान सभेच्या नोटिशीत करू.

काही जणांचं म्हणणं, पूर्वीसारखं इंग्रजी अक्षरांत मराठी पाठवा, स्वस्त पडतं. पडतं खरं. पण त्या लिपीत 'नका' आणि 'नाका' यांचा घोळ होतो, आणि घरच्या वयस्कर मंडळींना ते वाचता येत नाही. शिवाय त्यात रुपयाचं ₹ हे चिन्ह किंवा एखादं हसरं तोंड घातलं, की सगळा मेसेज युनिकोड होतो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. डिझेल परताव्याच्या मेसेजचं बिल एकदा दुप्पट आलं ते त्या ₹ मुळेच.

आयत्या वेळी शब्द बदलता येत नाहीत, हेही लक्षात घ्या. ट्रायच्या नियमांप्रमाणे मेसेजचा नमुना आधी नोंदवावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर अडवला जातो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. आपल्या मराठीत आणखी एक खोच आहे. 'ऱ्या' दोन तऱ्हेने टाइप होतो, 'ॲ' सुद्धा. डोळ्याला सारखाच, यंत्राला वेगळा. म्हणून नमुना आणि मेसेज दोन्ही एकाच संगणकावर, एकाच कीबोर्डवर टाइप करतो.

नवे नमुने नोंदणीला दिले आहेत. मंजूर झाले की चाचणी मेसेज येईल: "बोटी बंदरातच ठेवा. ही फक्त चाचणी आहे." तो तुमच्या फोनवर जसा दिसेल तसा फोटो ग्रुपवर टाका, नीट दिसला तरी टाका. साधा बटणांचा फोन असेल तर घरातल्या कोणाला तरी त्याचा फोटो काढायला सांगा. आणि बोट टॉवरच्या पलीकडे गेली की एसएमएस पोचत नाही, तिथे व्हीएचएफच. सेट बिघडलेला असेल तर याच महिन्यात दुरुस्तीला द्या.

— सेक्रेटरी