ओरखडे कुणाचे?

जुन्या स्वस्त भयपटांचा बाज नव्याने आणू पाहणारे तरुण सर्वांत आधी पडद्यावर ओरखडे टाकतात. संगणकावर एक कळ दाबली की उभ्या रेघा, ठिपके, थरथरते चित्र तयार. मला हे खटकते. ते ओरखडे चित्रपटाचे नव्हतेच, आमचे होते. मुंबईत पहिल्या आठवड्यात लागणारी प्रिंट स्वच्छ असे. गावोगाव फिरून ती इचलकरंजीला पोचेपर्यंत धुळीने आणि यंत्राच्या दात्यांनी तिच्यावर रेघा उठत, तुटल्या जागी जोड येत. जोडापाशी भूत एकदम दोन पावले पुढे सरके. कबनूरहून गेलेल्या आम्हा पोरांना ती भुताचीच करामत वाटे.

मग मूळ रूप कशाने घडले? रामसे बंधूंचे उदाहरण घेऊ. 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' (१९७०) पडला, पण मुखवटाधारी पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक येतात, हे त्यांनी हेरले. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) साठी कुटुंबच महाबळेश्वरला उतरले. स्टुडिओचे भाडे वाचले. पुढेही कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन, लेखन कुमार, दिग्दर्शन तुलसी-श्याम, असा घरचाच कारखाना. (आमच्या भागातल्या मागवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.)

पैसा नसला की युक्ती येते. दिव्यावर निळा जिलेटिन कागद लावला की रात्र झाली. मागून प्रकाश आणि मध्ये धूर सोडला की अपुरी भिंत झाकते, शिवाय प्रकाशाचा झोत दिसू लागतो. रबरी मुखवटा जवळून फार वेळ पाहवत नाही, म्हणून क्षणभरच दाखवायचा. रूळ मांडून ट्रॉली ढकलण्यापेक्षा झूम स्वस्त. आवाज नंतर भरलेला, त्यामुळे दूरच्या दाराची करकर थेट कानाशी येते. माझ्या मते निम्मी भीती या विसंगतीतच आहे, आणि नक्कल करणारे नेमकी तीच विसरतात.

अशिम अहलुवालिया यांचा 'मिस लव्हली' (कान महोत्सव, २०१२) ऐंशीच्या दशकातल्या अशाच चित्रपटवाल्यांवर आहे. त्यांनी तो फिल्मवर चित्रित केला. के. यू. मोहनन यांच्या छायाचित्रणात जुनेपण रंगांतून आणि कोंदट खोल्यांतून येते.

तरीही ओरखडे हवेच असतील, तर सगळीकडे सारखे शिंपडू नका. रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी दाट टाका. यंत्रात ओवताना हात तिथेच लागत असे.