येळवशीचं ताट शेतातूनच भरूया



मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली, म्हणजे आपली येळवस आली. गटाच्या बैठकीत सध्या हप्त्याइतकीच चर्चा भज्जीची चालते. म्हणून आज येळवशीच्या ताटाबद्दल बोलू. ताटात काय असतं, तेच का असतं, आणि ते बाजारातून न आणता शेतातून आणायचं तर काय करावं लागेल?

येळवस, म्हणजेच वेळ अमावस्या, आपल्या धाराशिव आणि लातूर भागाचा मोठा सण. पलीकडे कर्नाटकात, बिदर-कलबुर्गीकडे, याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि शेतात आंबील शिंपडायची. काळ्या आईला सांगायचं, तू दिलंस, आधी तू जेव.

जमिनीचे असे आभार जगभर मानतात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. तिथल्या दक्षिण भागातल्या बाया त्या दिवशी मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड, रताळ्याचे गोड पदार्थ आणि कोलार्ड नावाची पालेभाजी करतात. मका, रताळं, पाला ही त्यांच्या मातीत सहज येणारी पिकं. सणाचं जेवण असंच ठरतं. त्या हंगामात शेतात जे असतं, तेच ताटात येतं.

आता आपलं ताट बघा. भज्जीत तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे पडतात. हरभऱ्याची भाजी, मेथी, चुका, पालक, कांद्याची आणि लसणाची पात पडते. गाजर, वांगी, बोरं, चिंच असते आणि वरून बेसन लावतात. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी. प्यायला ज्वारीच्या पिठाची, ताक घालून आंबवलेली आंबील.

यातला एकही पदार्थ उगाच नाही. ज्वारी-बाजरीत जे प्रथिन कमी पडतं, ते डाळींच्या दाण्यात असतं. डाळीत जे कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्ले की अंगाला पूर्ण लागतं. पाल्यात लोह असतं आणि बोरासारख्या आंबट फळामुळे ते लोह शरीराला घेता येतं. म्हणून चार बोरं कच्चीही खावीत. आपल्यातल्या कितीतरी जणींचं रक्त कमी भरतं. तेव्हा अशी भाजी वर्षातून एकदाच का करायची, याचा विचार करा.

शेताचंही तसंच. तूर, हरभरा, वाल यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीत आणतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे वेळेवर खुडले, की झाडाला जास्त फांद्या फुटतात. म्हणजे भाजीही मिळाली आणि पीकही वाढलं. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडई पेरत. काट्यामुळे जनावर आत शिरत नसे आणि घरचं तेल मिळे.

आता मात्र खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन असतं, आणि पाणी असेल तिथं ऊस. सोयाबीन विकून पैसा येतो, हे खरंच आहे. पण सोयाबीन भज्जीत पडत नाही. तणनाशक मारलं की आंतरपिकाची जागा जाते आणि बांधावरचा पालाही जातो. मग येळवशीच्या आदल्या दिवशी आपण तालुक्याच्या बाजारात वालाच्या शेंगा पावशेराने विकत घेतो, आणि त्याच शेंगा दुसऱ्या दिवशी आपल्या शेताला नैवेद्य म्हणून दाखवतो. शेतानं जे दिलंच नाही, त्याचे आभार शेताला कसे मानायचे?

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात काम करत आलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेबरोबर अनेक बायांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतलं. त्यात त्यांनी घरच्या खाण्याची मिश्र पिकं घेतली. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

एकर जमणार नसेल, तर एक गुंठा मागा. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. त्यात असं करता येईल:

जून-जुलैत तूर, वाल, भुईमूग आणि कडेला अंबाडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी, चुका, पालक, लसूण. बांधावर एक बोर राखा. या गुंठ्यात तणनाशक येऊ देऊ नका.

बी विकत आणू नका, एकमेकींकडून घ्या. चांगल्या झाडाच्या पहिल्या शेंगा तोडू नका, त्या झाडावरच वाळू द्या. बी उन्हात खडखडीत वाळवून राखेत घालून मडक्यात ठेवा. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. 70 च्या वर उगवले तर बी चांगलं. गटाच्या वहीत कर्जासारखीच बियाण्याचीही नोंद ठेवा. पावशेर नेलं तर अर्धा किलो परत.

ज्यांना शेत नाही त्यांना येळवशीला आपल्या खोपीत बोलवायची आपली रीत आहे. त्याच रीतीने अशा मैत्रिणींना बीही द्या. परसात, पोत्यात, डब्यात मेथी आणि लसूण येतो.

आणखी एक. हा स्वयंपाक बायका मध्यरात्रीपासून करतात. दाणे सोलणं, पाला निवडणं, पाणी आणणं ही कामं घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आदल्या संध्याकाळीच वाटून द्या. जेवायला सगळे असतात, तर सोलायलाही सगळे बसू देत.

यंदा खोपीत बसाल, तेव्हा भज्जीतले जिन्नस मोजा. त्यातले किती शेतातले आणि किती बाजारातले, ते वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. त्यावरून जूनमध्ये काय पेरायचं ते ठरवू.

येळवशीच्या शुभेच्छा, मैत्रिणींनो.