आगोटीचं जळण आणि तिवरावरचे बगळे

आगोटीची बेगमी सुरू असेल ना? मसाला, पापड, सुकी मासळी झाली की उरतं जळण. त्याबद्दलच बोलायचंय, पण पक्ष्यांच्या वाटेनं.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. मे महिन्यात तिथे अजून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात, आणि त्या खाण्यानंच त्यांचं अंग गुलाबी होतं. पिल्लं करडीच असतात.

पण रोहित बघायला सगळेच जातात. आपल्या बांधावरच्या बगळ्याकडे कोण बघतं? एरवी पांढराशुभ्र गायबगळा उन्हाळ्यात डोक्या-मानेवर केशरी होतो. मातकट ढोकरी पाठीवर लालसर तपकिरी शाल पांघरते. नवीनच पाखरू आलं असं वाटतं, पण असते तीच! ही विणीची तयारी. पाऊस लागला की यांची घरटी झाडांवर दाटीनं होतात, खाडीकाठच्या तिवरांवरसुद्धा.

याच दिवसांत तिवराला बारीक पिवळी फुलं येतात. सकाळी झाडाजवळ थांबा, मधमाश्यांची गुणगुण ऐकू येईल. चिप्पीचं फूल मात्र रात्री उमलतं, त्याच्याकडे वटवाघळं आणि पतंग येतात.

आता हिशेब बघा. आगोटीला तिवराची फांदी तोडली की फूल गेलं, माशीचं खाणं गेलं आणि बगळ्याची घरट्याची जागाही गेली. शिवाय कोळंबी, खेकडे, निवट्या याच मुळांच्या आडोशाला वाढतात. आपल्या टोपलीतली मासळी तिथूनच येते.

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली. पण कायद्याची भीती घालायला आम्ही बोलत नाही. चूल पेटवायची कशानं, हा प्रश्न बाईच्याच डोक्यावर असतो आणि तो खरा आहे. ज्यांच्या वाडीत माड आहेत त्यांच्याकडे झावळ्या, सोडणं, करवंट्या पडून असतात. ज्यांच्याकडे माड नाहीत त्यांना त्या गटातून मिळाव्यात, असं आम्हाला वाटतं. येत्या बैठकीत कोणाकडे किती आहे ते वहीत लिहून घ्या. त्याच वहीच्या मागच्या पानावर केशरी बगळा कुठल्या तारखेला दिसला तेही टिपा, आणि पुढच्या महिन्यात आम्हाला कळवा.