हापिसला जायचं, पण घालू काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला वह्या तपासायला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते आले, मग कर्जमागणी सुरू झाली. एकीनं शेळीसाठी मागितलं, एकीनं पोराच्या फीसाठी. शेवटी एक तरुण सून उठली आणि हळूच म्हणाली, "मला आठ हजार पाहिजेत. कपड्यांसाठी."

एक ताई हसल्या. "अगं, लग्न कुणाचं आहे?"

पोरगी खाली बघून बोलली, "तालुक्याला पतसंस्थेत काम मिळालंय. एक तारखेपासून जायचंय. तिथल्या बाया नीटनेटक्या असतात. माझ्याकडं घालायला काही नाही. पैसे नसतील तर राहू द्या, मी त्यांना नाही म्हणून सांगते."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि बैठक गप्प झाली. बारावी झालेली, लग्नानंतर टायपिंग शिकलेली पोरगी कपड्यापायी हातातली नोकरी सोडायला निघाली होती.

अध्यक्ष काकू म्हणाल्या, "शेळीला कर्ज देतो तेव्हा दाव्याचा आणि चाऱ्याचा खर्च धरतोच की. मग हिच्या नोकरीचा खर्च हसण्यावारी कशाला न्यायचा? पण आठ हजार कशाचे, ते आधी बघू. चल, तुझी पेटी उघड."

बैठक संपल्यावर आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. त्या दुपारी जे केलं ते सगळ्यांच्याच कामाचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आता बँक सखी, समूह संसाधन व्यक्ती, ऑपरेटर म्हणून रोज घराबाहेर पडतात. कुणाची लेक पहिल्या नोकरीला लागते. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी विचारा, मग खरेदी करा

दुकानात जाण्याआधी कामाच्या जागी एक चक्कर मारा. तिथं गणवेश आहे का, हे पहिलं विचारा. गणवेश असेल आणि आपण आधीच चार ड्रेस घेऊन बसलो, तर पैसे पाण्यात. गणवेश नसेल तर तिथल्या बाया काय घालतात ते बघा. साडीच लागते की पंजाबी ड्रेस चालतो? काम बसून आहे की दिवसभर गावोगाव फिरायचं? जायचं एसटीनं की गाडीवर? या तीन-चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी खरेदी आपोआप कमी होते.

आमच्या पोरीनं चौकशी केली. साडी, ड्रेस दोन्ही चालत होतं. तिथल्या बायांचे कपडे भारी नव्हते. स्वच्छ होते, इस्त्री केलेले होते आणि अंगाला बरोबर बसत होते, एवढंच.

पेटीतले तीन ढीग

"काही नाही" म्हणणाऱ्या पोरीच्या पेटीत अकरा साड्या निघाल्या. बहुतेक आहेराच्या. तशा आपल्या सगळ्यांच्याच पेटीत असतात. एका लग्नात येतात आणि दुसऱ्या लग्नात जातात. आम्ही तीन ढीग केले.

पहिला ढीग: आहे तसं नेसता येईल. यात चार साड्या निघाल्या, पण एकीवरही धड बसेल असा ब्लाउज नव्हता. खरी अडचण बहुतेक वेळा हीच असते. साडी असते, ब्लाउज नसतो.

दुसरा ढीग: दुरुस्त करून किंवा शिवून घेण्यासारखं. कुठं फॉल नाही, कुठं पिको नाही. दोन साड्या रंगानं चांगल्या, पण नेसायला अवघड. त्यांचे कुडते शिवायचे ठरले. साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. त्यात एक कुडता बसतो आणि उरलेल्यात जोडीची ओढणीही निघते. फक्त जुनी साडी कातरण्याआधी उजेडात धरून बघा. घडीवर विरलेली असेल तर शिलाईचे पैसे वाया जातील.

तिसरा ढीग: लखलखीत, जरीचं, टिकल्यांचं. ते सणालाच राहू द्या.

रंग थोडे, जोड्या जास्त

आपण साडी आवडली की घेतो आणि मग तिच्याजोगा ब्लाउज, परकर शोधत फिरतो. रोजच्या कामाला उलटं करायचं. आधी दोन-तीन पायाचे रंग ठरवायचे, जे कशावरही जातात. काळा, मरून, क्रीम, गडद निळा यातले कोणतेही. काळा आणि मरून असे दोन ब्लाउज नीट बसणारे शिवले, की त्या चार साड्या नेसण्याजोग्या झाल्या. ड्रेसचंही तसंच. तीन कुडते, दोन सलवारी आणि एकमेकांवर जाणारे रंग असतील तर सहा जोड्या होतात. वेगवेगळ्या रंगांचे तीन पूर्ण ड्रेस घेतले, तर तीनच.

रंगावरून एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या काही एकल ताया कामावर जातानाही विटक्या रंगाचंच घालतात, लोक काय म्हणतील म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर गावांनीही तसं करावं असं सरकारनं सांगितलं. कोणता रंग घालायचा हे ज्या बाईच्या अंगावर कापड आहे तिनंच ठरवायचं.

कापड हातात घेऊन बघा

सुती कापड घाम टिपतं, उन्हाळ्यात बरं वाटतं. पण सुरकुततं आणि पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून शिवायला देण्याआधी एकदा पाण्यातून काढून वाळवा. टेरीकॉट लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते, मात्र उन्हात जरा गरम होतं. रेयॉन मऊ आणि छान पडतं, पण तेही आटतं आणि ओलं असताना नाजूक होतं, म्हणून फार पिळू नये. सिंथेटिक साडी पावसाळ्यात सोयीची, एका रात्रीत वाळते. तेव्हा एकाच जातीचं सगळं घेऊ नका. उन्हाळ्याचं थोडं, पावसाळ्याचं थोडं असू द्या.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापडाचं टोक मुठीत घट्ट दाबून सोडा, किती सुरकुततं ते लगेच कळतं. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून कापडावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते धुण्यात दुसऱ्या कपड्यांनाही लागणार.

आठवडी बाजारात कटपीस मिळतात. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथले माग आपल्याच राज्यात आहेत, त्यामुळं मीटरवर घेतलेलं कापड तयार ड्रेसपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. गटातलीच ताई शिवत असेल तर पैसा घरातच राहतो. खादी हवी असेल तर २ ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारात सूट असते.

माया सोडायला सांगा

शिवायला टाकताना तीन गोष्टी आठवणीनं सांगा.

एक, आतून भरपूर माया सोड. अंग कमी-जास्त होतं, बाळंतपण होतं. माया असली की उसवून सैल करता येतं, नवा ब्लाउज लागत नाही.

दोन, कुडत्याला खिसा ठेव. मोबाइल आणि तिकिटाचे पैसे हाताशी राहतात.

तीन, हात वर केला, खाली वाकलं तरी ओढाताण होता कामा नये. दिवसभर पदर नाहीतर कुडता ओढत बसलेल्या बाईचं लक्ष कामात लागत नाही. माप देताना ताठ उभं राहून तर द्याच, एकदा बसूनही बघा.

गाडीवर जाणाऱ्यांसाठी आणखी एक. ओढणी आणि पदर खोचून, पिन लावूनच बसा. चाकात अडकून जीवावर बेततं.

किंमत बघू नका, वापर मोजा

इथं माझीच फजिती सांगते. मी पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा दारावर आलेल्या कापडवाल्याकडून चार चकचकीत साड्या हप्त्यानं घेतल्या. स्वस्त वाटल्या. दुसऱ्या धुण्याला दोन विटल्या, तिसरी इतकी गरम की उन्हाळ्यात नेसवेना. साड्या गेल्या, हप्ते मात्र पुढं चार महिने चालले.

तेव्हापासून मी एक हिशेब करते. वस्तूची किंमत भागिले वर्षात ती किती वेळा अंगावर येणार. समजा पंधराशेची साडी वर्षात तीनदा नेसली. एका वेळेला पाचशे रुपये पडले. शिलाईसकट साडेचारशेचा सुती कुडता आठवड्यातून एकदा, वर्षात पन्नास वेळा घातला, तर एका वेळेला नऊ रुपये. रोजच्या चपलेला आणि ब्लाउजच्या शिलाईला थोडे जास्त पैसे घाला. कधीतरीच लागणाऱ्या वस्तूला हात आखडा.

त्या पोरीचा हिशेब

आमच्याकडच्या भावानं असा झाला. तुमच्याकडं थोडा कमी-जास्त होईल.

दोन ब्लाउज, कापड-अस्तर-शिलाईसह: ७०० रुपये
दोन आहेराच्या साड्यांचे कुडते, शिलाई: ५०० रुपये
दोन सलवारी: ६०० रुपये
एक जादा ओढणी: १५० रुपये
पट्ट्याची चप्पल: ४०० रुपये
फॉल-पिको: १५० रुपये
खांद्यावरची पिशवी: १५० रुपये
एकूण: २,६५० रुपये

चार साड्या आणि दोन ड्रेस. आठवड्याचे सहा दिवस भागले. तिच्या हातात साडेसहाशे होते, गटानं दोन हजार दिले. दरमहा २ टक्के व्याजानं, पहिल्या दोन पगारांत हजार-हजार परत. व्याज झालं ४० आणि २०, म्हणजे ६० रुपये. आठ हजार घेऊन दहा महिन्यांत फेडले असते तर याच दरानं ८८० रुपये व्याज गेलं असतं. तेवढ्यात तीन कुडत्यांची शिलाई भागून वर १३० उरले असते.

पगार सुरू झाल्यावर दर दोन महिन्यांनी एकच वस्तू घ्यायची, तीही बचतीतून, असं तिनं ठरवलंय. पावसाळ्याआधी छत्री आणि रबरी चप्पल. थंडीआधी एक साधं स्वेटर.

राखलं तर टिकतं

नवं रंगीत कापड पहिल्या दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात धुवा. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवा, भर उन्हात रंग विटतो. चहा सांडला तर वाळू देऊ नका, लगेच पाणी मारा. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, घाबरू नका. पांढऱ्या कापडावरचा तो डाग धुऊन उन्हात टाका, हळूहळू उडतो. सुती साडीला भाताच्या पेजेची पातळ खळ दिली की चापून बसते.

रविवारी अर्धा तास काढा. आठवड्याचे कपडे बघा, सुटलेला टाका घाला, बटण लावा, एकदम इस्त्री करून ठेवा. सकाळी डबा, पाणी, पोरं आणि एसटी या धावपळीत "आज काय घालू" हा प्रश्न तरी राहत नाही. कामावरून आल्यावर आधी कपडे बदला, मग चुलीकडं जा. एवढ्या एका सवयीनं कपडे कितीतरी जास्त टिकतात.

आणि शेवटचं

पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण-चिखल टाकत, म्हणून त्या जवळ दुसरं लुगडं ठेवत आणि शाळेत जाऊन बदलत, असं सांगतात. कापड खराब झालं म्हणून त्यांनी शाळा बुडवली नाही. आपणही कापड नाही म्हणून काम सोडायचं नाही.

ती पोरगी एक तारखेला कामावर गेली. अंगावर मावळणीनं आहेर केलेली निळी साडी, नवा काळा ब्लाउज. आणि खांद्यावरची पिशवी शिवून दिली होती बैठकीत हसलेल्या ताईंनीच.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कुणाची लेक, सून कपड्यावाचून घरी बसलीय का, विचारा. असेल तर कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी दोघी-तिघी तिच्या घरी जा आणि पेटी उघडून बघा.